पृथ्वीला कुठं खेळवायचं

त्या हंगामात मौलाभाई अत्तारांना पेठेतून सरळ चालत जाणं मुश्कील झालं होतं. सकाळी दूध आणायला बाहेर पडले की कट्ट्यावर म्हशीची धार काढणारा गवळी हात थांबवून विचारायचा, "मौलाभाई, त्या पृथ्वीचं काय करणार हायसा?" केस कापायला बसले की न्हावी वस्तरा हवेत धरून सांगायचा, पोराला मधे खेळवा, कडेला त्याचा दम फुकट जातोय. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या पायरीवर चपला शोधत होते, तर एका म्हाताऱ्यानं त्यांचा खांदाच धरला. म्हणाला, "बसवा त्येला बाहेर. चार म्याचा पाणी वाटू दे. आपोआप जाग्यावर येतंय."

मौलाभाई सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे. "बघतो की."

आणि खरोखरच ते बघत होते. दुसरं काही त्यांना सुचतच नव्हतं. उचगाव फाट्याला त्यांचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. शेतातल्या जळालेल्या मोटारी लोक ट्रॅक्टरमध्ये टाकून आणायचे, आणि मौलाभाई त्यातली जुनी तांब्याची तार उसकटून नवी भरायचे. हातानं तार भरताना डोकं मोकळं राहतं, आणि त्या मोकळ्या डोक्यात दिवसभर पृथ्वीराज चौगुले पळत असायचा. पळायचा, अडखळायचा, बॉल घालवायचा.

मौलाभाई तरुणपणी चिंचबन तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. खेळ सुटल्यावर त्यांनी तालमीच्या पोरांना शिकवायला घेतलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. काळजी करणं त्यांच्या अंगातच होतं. मॅचच्या दिवशी त्यांना घास गिळवायचा नाही, म्हणून त्यांची बायको हाफिजा तांदळाची पेज करून ठेवायची आणि तीही बऱ्याचदा तशीच राहायची. गोलकीपरला काळजीची सवय लागतेच, असं ते स्वतःच सांगायचे. पण या वर्षीची काळजी वेगळी होती. चिंचबन तालीम सिनियर गटाच्या तळाला गेली होती. आणखी एक-दोन मॅचा हरल्या तर गटातून खाली, आणि तालमीच्या इतिहासात तसं कधी झालं नव्हतं.

पृथ्वी पेठेतला नव्हता, कोडोलीचा होता. वडील बाळासो वारणानगरला कारखान्यात होते, घरी थोडा ऊस आणि दोन म्हशी. वारणानगरच्या मैदानावर कॉलेजच्या एका स्पर्धेत मौलाभाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं. उंच, काटकुळा, आणि बॉल पायात आला की समोरच्याला कळायच्या आत पुढं गेलेला. मौलाभाई तिथूनच बाळासोंच्या घरी गेले होते आणि चहा घेऊनच उठले होते, पोरगं चिंचबनकडून खेळणार असं ठरवून. मागच्या वर्षी पृथ्वीनं उजव्या कडेनं अशा धडका मारल्या की शाहू स्टेडियममध्ये दुसऱ्या पेठांची माणसंसुद्धा त्याचा खेळ बघायला थांबायची.

या वर्षी तो पृथ्वी कुठं गेला कुणास ठाऊक.

बॉल त्याच्याकडं यायचा, तो दोन ढांगा टाकायचा, आणि डावीकडून कुणीतरी येऊन बॉल अलगद काढून घ्यायचा. पृथ्वी तिथंच उभा राहून इकडंतिकडं बघायचा, खिशातलं पाकीट मारल्यावर माणूस बघतो तसा. पहिल्या मॅचला लोक गप्प बसले. दुसऱ्याला हसले. तिसऱ्याला प्रेक्षकांतून आवाज आला, "ए कोडोली, ऊस तोडायला जा." मौलाभाईंनी मागं वळून बघितलं, पण हजारो तोंडांतलं कुठलं ते कळणार कसं.

त्यांनी त्याला मधे खेळवून बघितलं. तिथं तो आपल्याच कॅप्टनवर, सम्राटवर जाऊन आदळला, दोघंही पडले आणि समोरच्यांनी गोल केला. बाहेर बसवून बघितलं. तिथं तो टॉवेल डोक्यावर घेऊन खाली मान घालून बसला, आणि मौलाभाईंचं निम्मं लक्ष खेळाकडं आणि निम्मं त्या टॉवेलकडं राहिलं. विचारलं तर पोरगं काही सांगत नव्हतं. "काय न्हाई भाई. जमंना झालंय." एवढंच.

मौलाभाईंनी मनाशी ठरवलं की पोरगं भ्यालंय. बॉल अंगावर आला की मान वळवतं, उंच बॉलला उशिरा उडी मारतं. भीती घालवायची तर सरावच पाहिजे. मग रोज सकाळी बाकीची पोरं यायच्या आधी ते पृथ्वीला एकट्याला बोलवायचे आणि उंच बॉल टाकायचे. "डोकं लाव. डोळं उघडं ठेव, डोकं लाव." पृथ्वी निमूटपणे डोकं लावत राहायचा.

मग एक मॅच अशी झाली की डाव्या कडेला खेळणाऱ्या पोराचा घोटा मुरगळला. बाहेर दुसरं कुणी नव्हतं. मौलाभाईंनी मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं आणि पृथ्वीला डावीकडं पाठवलं, जिथं तो जन्मात खेळला नव्हता. आणि काय झालं ते त्यांना पटकन कळलंच नाही. पृथ्वी पळत होता. मागच्या वर्षीसारखा. डावीकडं चुन्याची रेघ, उजवीकडं सगळं मैदान, आणि तो समोरच्या पोरांच्या मधून सुईत दोरा ओवावा तसा जात होता. एक गोल त्यानं केला, दुसरा सम्राटला करून दिला. चिंचबन तालीम जिंकली. रात्री पेठेत हलगी वाजली. गवळ्यानं दुसऱ्या दिवशी दुधाचे पैसे घेतले नाहीत आणि न्हाव्यानं सांगितलं की पोराला डावीकडं खेळवा असं तो पहिल्यापासून म्हणत होता.

"मिळालं की उत्तर," तालमीचे अध्यक्ष विजयसिंह म्हणाले. "आता पुढच्या रविवारी नुसती बरोबरी झाली तरी वाचलो. आनि राज्याच्या संघाची निवड करणारी माणसं येणार हायत म्हणं. पृथ्वीला डावीकडं सोडा आनि गप्प बसून बघा."

मौलाभाईंना त्या दिवशी पेज गिळायला हरकत नव्हती. पण ती गेली नाही.

"आता कशाची काळजी?" हाफिजानं विचारलं.

"उजव्या पायाचं पोरगं हाय," ते म्हणाले. "उजवीकडं लहानपणापास्नं खेळलंय. तिथं जमंना आनि डावीकडं जमतंय. का?"

"जमतंय न्हवं? मग का म्हणून कशाला विचारता?"

पण ते विचारत राहिले. मोटारीची तार भरताना, स्कूटर चालवताना, पोरांना पळवताना, तोच एक प्रश्न.

गुरुवारी सकाळी सराव संपल्यावर सगळी पोरं मैदानाबाहेरच्या गाड्यावर चहाला थांबली. पृथ्वी बाकड्याच्या टोकाला बसला होता. चहावाला त्याच्या डाव्या बाजूला उभा होता आणि त्यानं ग्लास पुढं केला. पृथ्वी समोर बघत बसलेला. ग्लास तसाच हवेत. चहावाला म्हणाला, "घे की बाबा, हात भाजालाय." पृथ्वीनं दचकून हात पुढं केला, तो ग्लासच्या अलीकडंच थांबला, मग चाचपत ग्लासला लागला. थोडा चहा मांडीवर सांडला.

"निवडीची स्वप्नं पडालीत साहेबांना," सम्राट म्हणाला आणि पोरं हसली. पृथ्वीही हसला.

मौलाभाई हसले नाहीत.

"पृथ्वी, चल जरा दुकानात," ते म्हणाले. "एक मोटार उचलायची हाय."

दुकानात उचलायची मोटार नव्हती. मौलाभाईंनी शटर अर्धं खाली घेतलं आणि पृथ्वीला स्टुलावर बसवलं.

"उजवा डोळा हातानं झाक. समोर त्या क्यालेंडरकडं बघ. मान हलवू नकोस."

"कशाला?"

"मी म्हणतो म्हणून."

त्यांनी एक पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि त्याच्या डाव्या बाजूनं, मागून, हळूहळू पुढं आणला. "दिसला की सांग."

कानाजवळून आला. गालाजवळून आला. पृथ्वी काही बोलला नाही. स्क्रू ड्रायव्हर डोळ्यासमोर येऊन नाकाकडं सरकला, तेव्हा पृथ्वी म्हणाला, "आला."

मौलाभाई बाजूच्या मोटारीवर बसले. बाहेर हायवेवरून उसाचे ट्रॅक्टर जात होते.

"कवापास्नं?"

"दिवाळीनंतर सरावाला बॉल बसला न्हवता का तोंडावर," पृथ्वी म्हणाला. "तवा काय झालं न्हाई. नंतर काजळीगत काळं काळं ठिपकं तरंगायला लागलं डोळ्यात. मधीच इजा चमकल्यागत व्हायचं. आनि मग कडंनं सावली आली. आधी थोडी हुती. आता वाढलीया."

"आनि बोलला न्हाईस?"

"बोललो असतो तर खेळवला असतासा का मला?"

मौलाभाईंच्या डोळ्यासमोर रोज सकाळचे ते उंच बॉल यायला लागले. डोकं लाव. डोळं उघडं ठेव, डोकं लाव.

त्यांनी त्याला स्कूटरवर मागं बसवलं आणि तसंच डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. वाटेत पृथ्वी दोनदा म्हणाला, "सोमवारी जाऊ की भाई." त्यांनी ऐकलं नाही. डॉक्टरबाईंनी डोळ्यात थेंब घातले, थांबायला लावलं, आत बोलावून खूप वेळ तपासलं आणि मग मौलाभाईंनाही आत बोलावलं.

"तुम्ही वडील?"

"न्हाई. कोच हाय त्याचा."

"डोळ्याचा पडदा सुटत आलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "निम्मा सुटलाय. मधला भाग, जिथून आपण नीट बघतो, तो अजून जागेवर आहे. पण किती वेळ राहील ते सांगता येणार नाही. ऑपरेशन लगेच करायला हवं. परवा सकाळी करू. तोपर्यंत पळणं, उड्या, काही नाही."

"रविवारी एक म्याच हाय," पृथ्वी म्हणाला. "तेवढी झाली की येतो. डावीकडं खेळलो तर मला काय अडचण येत न्हाई. खरंच न्हाई येत."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडं बघितलं आणि मग मौलाभाईंकडं. "एक चेंडू डोक्यावर बसला, एक धक्का लागला, तर उरलेला पडदाही जाईल. मग मला काही करता येणार नाही. एवढंच सांगते."

बाहेर आल्यावर मौलाभाई जिन्याच्या पायरीवर बसले. पृथ्वी त्यांच्या शेजारी बसला, आणि मोसमात पहिल्यांदाच सलग बोलला. म्हणाला, त्या निवडीच्या माणसांसाठी तो दोन वर्षं थांबलाय. म्हणाला, पुन्हा अशी संधी येणार नाही. मग रडायला लागला. मौलाभाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हातसुद्धा त्यांना जड वाटत होता.

बाळासो कारखान्यातून ड्युटी सोडून मोटारसायकलवर आले. त्यांना सगळं सांगायला मौलाभाईंना फार शब्द लागले नाहीत. बाळासोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"रविवारी निवडीची माणसं येणार म्हणत हुता," ते म्हणाले.

"व्हय. येणार हायत."

"मला फुटबॉलातलं काय कळत न्हाई," बाळासो म्हणाले. "डोळ्याचं कळतंय. करून टाकूया."

पृथ्वीनं शेवटी मान हलवली, पण एक अट घातली. हे कुणाला कळता कामा नये. पेठेत नाही, तालमीत नाही, सम्राटलासुद्धा नाही. "काणा म्हणतील भाई. एकदा चिकटलं की जन्मभर सुटत न्हाई. निवडीचं तर इसराच. शब्द द्या."

मौलाभाईंनी शब्द दिला. त्या वेळी रविवारचा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. तो आला शनिवारी सकाळी, ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाळासोंच्या शेजारी बसल्यावर. आत पोराचा डोळा आणि बाहेर आपली जीभ, दोन्ही बांधलेलं, असं त्यांना वाटलं. ऑपरेशन नीट झालं. पडदा आतून दाबून धरायला डोळ्यात गॅस भरला होता, आणि पडदा चिकटेपर्यंत पृथ्वीला दिवसरात्र पालथं झोपायचं होतं, तोंड खाली. चिकटला की नाही ते नंतर कळणार होतं.

शनिवारी संध्याकाळी तालमीत बैठक बसली. मौलाभाईंनी संघ सांगितला. पृथ्वीचं नाव त्यात नव्हतं.

"पृथ्वी ऱ्हायला की," विजयसिंह म्हणाले.

"पृथ्वी न्हाई."

"न्हाई म्हंजे? लागलंय काय त्येला?"

"खेळणार न्हाई."

"फोन पण उचलंना झालाय," सम्राट म्हणाला. "गेलाय कुठं?"

"मी सांगितलंय त्येला येऊ नकोस म्हणून."

विजयसिंह हळू आवाजात बोलणारे नव्हते, पण त्या वेळी हळू बोलले. "मौलाभाई, अख्खा हंगाम तुमी त्येला कुठं खेळवायचं म्हणून डोकं फोडून घेतलासा. आता जागा सापडली, आनि तुमी त्येला घरात बसवता. कारण तरी सांगा."

"माझ्यावर सोडा," मौलाभाई म्हणाले. आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटतोय हे त्यांना कळत होतं.

घरी हाफिजाला मात्र त्यांनी सांगितलं. तिच्यापासून लपवणं त्यांना कधी जमलं नव्हतं. ती बराच वेळ भाकरी थापत राहिली.

"हरलासा तर शिव्या घालतील."

"घालतील."

"आनि जिंकलासा तर?"

"तर मग काय न्हाई."

"मग जिंका," हाफिजा म्हणाली.

रविवारी दुपारी ते स्टेडियममध्ये शिरले. प्रेक्षकांतली चिंचबनची बाजू हिरव्या झेंड्यांनी भरली होती आणि संघ मैदानात उतरला तशी पृथ्वीच्या नावाची हाकाटी सुरू झाली. तो उतरला नाही हे लक्षात आल्यावर हाकाटी वाढली. मग ती मौलाभाईंच्या नावानं सुरू झाली. खुर्च्यांवर पांढरे टी-शर्ट घातलेली दोन अनोळखी माणसं वहीत काही लिहीत होती. मौलाभाईंनी त्यांच्याकडं बघितलं नाही.

पोरं जीव तोडून खेळली. अर्ध्या वेळेपर्यंत गोल नाही. नंतरही नाही. सम्राट दोनदा गोलच्या तोंडात जाऊन पडला, अंगाला माती लागून उठला. डाव्या कडेला घोटा बांधून खेळणारं पोर लंगडायला लागलं आणि तिथून कुणी पुढं जाईना. मौलाभाई रेघेवर उभे होते, आणि त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. एक मॅच. दुसरी, कोडोलीच्या घरात उशीत तोंड खुपसून पडलेलं पोरगं, ज्यानं शिंकायचंसुद्धा जपून. कुणीतरी उंच बॉल मारला आणि समोरच्या पोरानं तो डोक्यानं अडवला, तेव्हा मौलाभाईंचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या डोळ्यावर गेला.

शेवटच्या काही मिनिटांत समोरच्यांना कॉर्नर मिळाला. बॉल आला, चार पाय एकदम हलले, आणि तो जाळ्यात गेला. कुणाच्या पायाला लागून गेला तेही नीट दिसलं नाही.

शिट्टी झाली. चिंचबन तालीम गटातून खाली गेली.

पाण्याची बाटली येऊन मौलाभाईंच्या खांद्यावर बसली. मग दुसरी. सम्राट त्यांच्या मागं ढाल केल्यासारखा उभा राहिला आणि त्यांना मागच्या दारानं बाहेर घेऊन गेला. बाहेर पडल्यावर म्हणाला, "एवढंच सांगा भाई, कारण तरी हाय का?"

"हाय."

सम्राटनं मान डोलावली आणि निघून गेला.

पुढचे दिवस वाईट गेले. फोनवरच्या ग्रुपमध्ये कुणीतरी लिहिलं की मौलाभाईंनी पैसे खाऊन सेटिंग केलं, मुद्दाम मॅच घालवली. मग तेच सगळीकडं फिरलं. गवळी दूध घालायचा पण बोलायचा नाही. दुकानात एक पावणं जळकी मोटार घेऊन आले, बोर्डवरचं नाव वाचलं आणि ती तशीच परत घेऊन गेले. हाफिजानं शेजारणीशी भांडण केलं. हे सगळं मौलाभाईंना लागत होतं, लागलं नाही असं कसं म्हणावं, पण त्यांचा जीव दुसरीकडंच टांगलेला होता. रोज सकाळी ते बाळासोंना फोन लावायचे. "झोपतोय न्हवं पालथा? उठून बसत न्हाई न्हवं?" बाळासो सांगायचे, झोपतोय. पुन्हा संध्याकाळी फोन.

एक दिवस राहवलं नाही म्हणून ते कोडोलीला गेले. पृथ्वी पलंगावर पालथा पडला होता, दोन उशांच्या मधल्या फटीत तोंड घालून. त्याच्या मानेवर गोधडीचा वळ उठला होता. मौलाभाई जमिनीवर बसले. त्यांना पोराचा चेहरा दिसत नव्हता आणि पोराला त्यांचा.

"मोबाईलवर ऐकली म्याच," पृथ्वी फटीतून म्हणाला. "मी असतो तर वाचलो असतो."

"व्हय," मौलाभाई म्हणाले. "वाचलो असतो."

त्यानं कदाचित दुसऱ्या उत्तराची वाट बघितली असावी.

"तुमाला लई बोलालेत म्हणं लोक."

"बोलू देत."

"सेटिंग म्हणालेत."

"तू तोंड खाली ठेव."

पृथ्वीच्या आईनं चहा आणला. पोराला तिनं स्ट्रॉनं पाजला, तोंड खाली ठेवूनच, पलंगाखाली ग्लास धरून. तिच्या चेहऱ्यावर झोप नव्हती. जाताना तिनं मौलाभाईंना दारापर्यंत पोहोचवलं. म्हणाली, "चिकटतोय न्हवं ओ भाऊ पडदा?" मौलाभाईंना ठाऊक नव्हतं. "चिकटंल," ते म्हणाले, आणि परतीच्या वाटेवर सगळा वेळ त्या एका शब्दाचा त्यांना धाक वाटत राहिला.

त्यांनी शब्द पाळला. तो मोडला बाळासोंनी, कारण त्यांनी कुणाला दिलेलाच नव्हता. एका संध्याकाळी ते कोडोलीहून थेट चिंचबन तालमीत आले, चपला काढून आत गेले आणि बसलेल्या माणसांना म्हणाले की ते पृथ्वीचे वडील आहेत. मग पोराचा दवाखान्याचा कागद दाखवला, डोळ्याचं काय झालं ते सांगितलं, मौलाभाईंनी काय केलं ते सांगितलं, आणि पाणीही न पिता गेले. मौलाभाईंना हे दुसऱ्या दिवशी विजयसिंहांकडून कळलं. ते दुकानात आले, स्टुलावर बसले, आणि जरा वेळानं म्हणाले, "मग आधी सांगायचं की."

"शब्द दिलता."

"आमी काय परकं हाय?" विजयसिंहांना राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते त्यांना समजत नव्हतं. उठताना म्हणाले, "खालच्या गटात कोच व्हायला कोण मिळणार न्हाई. तुमीच ऱ्हावा." पेठेतही सगळ्यांचं मन एकदम फिरलं असं झालं नाही. पाणी वाटायला बसवा म्हणणारा तो म्हातारा अजूनही म्हणायचा की शेवटची दहा मिनिटं उतरवला असता तरी चाललं असतं. एका डोळ्याला काय होतंय.

पडदा चिकटला. डॉक्टरबाईंनी दोन-तीन वेळा तपासल्यावरच तसं सांगितलं. कडेची थोडी सावली राहिली, ती राहणार होती. मौलाभाईंनी त्या दिवशी हाफिजानं केलेली बिर्याणी दोनदा वाढून घेतली आणि मग रात्रभर पोट दुखलं.

पृथ्वीनं खेळायचं की नाही यावर कोडोलीच्या घरात पावसाळाभर वाद झाला. आई नको म्हणत होती. बाळासो गप्प होते. मौलाभाईंनी स्वतःहून काही म्हटलं नाही. पण पृथ्वी त्यांच्याकडं आला तेव्हा ते त्याला घेऊन पुन्हा डॉक्टरबाईंकडं गेले आणि इतके प्रश्न विचारले की बाहेर बसलेली माणसं दारात डोकावायला लागली. पळू दे का. धक्का लागला तर. पडला तर. डॉक्टरबाई म्हणाल्या, खेळाचा चष्मा सक्तीचा, थोडा थोडा वेळ, आणि बॉल डोक्यावर घ्यायचा नाही, कधीच नाही. पुन्हा ठिपके दिसले तर त्याच दिवशी यायचं. धोका नाही असं मी म्हणणार नाही, असंही म्हणाल्या. ते शेवटचं वाक्य मौलाभाईंनी पृथ्वीच्या आईलाही सांगितलं, काही न गाळता. ती म्हणाली, "तुमी रेघंवर उभं ऱ्हाणार असला तर जाऊ दे."

खालच्या गटातली पहिली मॅच होती. गर्दी कमी होती. मौलाभाईंनी पृथ्वीला उत्तरार्धात उतरवलं, डाव्या कडेला, म्हणजे अधू बाजू रेघेकडं राहील. चष्म्याचा पट्टा डोक्यामागं घट्ट बांधलेला. मैदानात पाय टाकायच्या आधी त्यांनी तो पट्टा स्वतःच्या हातानं ओढून बघितला.

"बॉल वर आला तर?"

"सोडायचा," पृथ्वी म्हणाला.

एक-दोनदा तो कडेनं चांगला पळाला. एकदा पडला आणि उठायला वेळ लागला, तेव्हा मौलाभाई रेघ ओलांडून आत गेले होते आणि पंचानं त्यांना बाहेर काढलं. मग मधून सम्राटनं एक लांब, उंच बॉल त्याच्या दिशेनं टाकला. सवयीनं टाकला, टाकल्यावर त्याच्याही लक्षात आलं. बॉल वर गेला आणि खाली यायला लागला. पृथ्वी बरोबर त्याच्याखाली उभा होता. गोल समोर होता. नुसतं डोकं लावायचं होतं, पोरानं आयुष्यभर केलं होतं तसं.

पृथ्वी एक पाऊल मागं सरला. बॉल जमिनीवर पडला, उसळला आणि समोरच्या पोरानं तो काढून घेतला.

"अरे डोकं हाय का न्हाई," मागून कुणीतरी ओरडलं, आणि चार माणसं हसली.

मौलाभाई टाळ्या वाजवत होते. शेजारी बसलेल्या राखीव पोरांना कळेना, बॉल घालवल्यावर कोच टाळ्या का वाजवतोय. मॅच संपायला अजून वेळ होता. मौलाभाईंनी घड्याळाकडं बघितलं, मग पुन्हा डाव्या कडेकडं. बॉल पुन्हा तिकडंच चालला होता.